प्रांजलच्या शेजारची जागा

मोटारीत मागच्या सीटवर आम्ही दोघी बसायचो आणि आमच्या मधे झाकणाचा स्टीलचा डबा असायचा. तो धरणं हे माझं काम. सांगलीहून मिरजेला जायला तेव्हा पंचवीस-तीस मिनिटं लागत आणि तेवढ्यात प्रांजलला एकदा तरी उमळून यायचं. तिनं पोटावर हात ठेवला की मी झाकण काढायचे, डबा तिच्या हनुवटीखाली धरायचे आणि दुसऱ्या हातानं तिच्या वेण्या मागे घ्यायचे.

"दस्तगीरमामा, जरा हळू," मी म्हणायचे.

दस्तगीरमामा गाडी कडेला घ्यायचे. पुढे बसलेल्या रत्नप्रभावहिनी मागे वळून बघायच्या नाहीत. आपल्या पोरीचं ते त्यांना बघवत नसे. झाल्यावर मी प्रांजलला तोंड पुसायला रुमाल द्यायचे. ती "सॉरी" म्हणायची. मी "असू दे" म्हणायचे. दर गुरुवारी असंच चाले.

ही शहाण्णव सालची गोष्ट. मी दहा वर्षांची होते, प्रांजल माझ्याहून चार महिन्यांनी लहान. प्रांजलच्या घरचा, म्हणजे आवटींचा, हळदीचा व्यापार होता, विश्रामबागेत दुमजली बंगला होता आणि त्या बंगल्यात माझी आई दोन वेळचा स्वयंपाक करायची. माझे वडील मार्केट यार्डात हमाली करायचे. आदल्या वर्षी त्यांची कंबर धरली, तेव्हापासून आठवड्यातले दोन-तीन दिवसच कामावर जाता यायचं. आम्ही नदीकडच्या वस्तीत राहायचो. मी नगरपालिकेच्या शाळेत होते आणि वर्गात दुसरी यायचे. शाळा सुटली की आवटींच्या स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर जाऊन बसायचे. प्रांजल तिथं यायची. आम्ही सागरगोटे खेळायचो.

पाचवीच्या जूनमध्ये प्रांजलचं शाळेत जाणं बंद झालं. सकाळी फाटकाशी शाळेच्या गाडीचा हॉर्न वाजला की तिला उलट्या व्हायच्या. गाडी निघून गेली की तासाभरात पोरगी ठणठणीत. सांगलीत सगळ्या तपासण्या झाल्या, पोटाचे फोटो झाले, नरसोबाच्या वाडीला जाऊन आले. शेवटी घरच्या डॉक्टरांनी मिरजेतल्या एका बाईंचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. डॉक्टर निर्मला दातार. लहान मुलांच्या मनाच्या डॉक्टर. शेजारीपाजारी मात्र प्रांजलला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतात असं सांगितलं गेलं.

तीन-चार वेळा भेटल्यावर दातारबाईंनी सांगितलं, की हिच्या वयाची, हिच्या विश्वासातली एखादी मुलगी काही महिने हिच्याबरोबर शाळेत जाऊ दे. शेजारी बसू दे. त्या घरात अशी एकच मुलगी होती.

रत्नप्रभावहिनी स्वयंपाकघरात आल्या तेव्हा मी पायरीवर होते, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"मालन, फी, गणवेश, पुस्तकं सगळं आमच्याकडं. तू फक्त हो म्हण."

"इंग्रजी शाळा, वहिनी?"

"प्रांजलची शाळा. तिच्याच वर्गात."

आईनं कणकेतला हात बाहेर काढला नाही. "जाईल की ती," म्हणाली.

रात्री जेवताना तिनं वडिलांना सांगितलं. "देवानं दार उघडलं म्हणायचं."

"दुसऱ्याच्या पोरीच्या आजारपणानं?" वडील म्हणाले.

"कशानं का उघडंना."

अशी मी त्या शाळेत गेले. प्रांजलला बरं वाटू लागलं. पहिल्या आठवड्यात ती रोज वर्गातून उठायची, दुसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड. ती उठली की मीही उठायचे. बाई नुसती मान हलवायच्या, आम्ही मोरीकडे जायचो, परत येऊन बसायचो. मला तिथलं काही समजत नव्हतं. फळ्यावरची अक्षरं मी चित्रासारखी उतरवून घ्यायचे. मला कुणी रागावलं नाही. बाई प्रश्न विचारत बाकांवरून पुढे यायच्या आणि प्रांजलपर्यंत आल्या की माझ्यावरून पलीकडे जायच्या. मुलीही वाईट नव्हत्या. एकीनं फक्त एकदा विचारलं, "तू घरी पण हिचंच काम करतेस का?" तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

वस्तीत माझ्या जुन्या मैत्रिणी मला "मॅडम" म्हणायला लागल्या. आधी गमतीनं म्हणायच्या. मग खेळायला बोलवायच्या बंद झाल्या.

ऑगस्टमध्ये इंग्रजीच्या तासाला माझा हात पहिल्यांदा उजव्या कानामागे गेला. एक केस बोटाला गुंडाळायचा आणि ओढायचा. बारीक टोचल्यासारखं व्हायचं आणि तेवढा क्षणभर डोक्यात दुसरं काही नसायचं. केस मी वहीच्या घडीत ठेवून द्यायचे. दसऱ्यापर्यंत कानामागे बंद्या रुपयाएवढी जागा मोकळी झाली होती.

आईनं वेणी घालताना ती पाहिली. "चाई पडली वाटतं," एवढंच म्हणाली. शेजारच्या बायकांनी कांद्याचा रस चोळायला सांगितलं. आई रोज सकाळी कांदा किसून रस चोळायची आणि मी तो वास घेऊन शाळेत जायचे. मागच्या बाकावरच्या मुलींनी जागा बदलून घेतली. प्रांजल तिथंच बसून राहिली.

दिवाळीच्या आधी सलग तीन आठवडे तिला एकदाही उलटी झाली नव्हती. घरात सगळे खूश होते. दिवाळी झाली, शाळा उघडली आणि तिला परत उमळून यायला लागलं. आता डब्यात काही पडत नसे. नुसते उमासे. मी तरीही डबा धरायचे, झाकण लावायचे, रुमाल द्यायचे. दातारबाईंनी गुरुवार चालू ठेवले.

जानेवारीतल्या एका गुरुवारी प्रांजल आतून बाहेर आली आणि म्हणाली, "तुला बोलवलंय. एकटीला."

रत्नप्रभावहिनींनी मासिकातून मान वर केली. मी आत गेले. दातारबाई अंगानं भारी होत्या, चष्मा गळ्यात दोरीला लोंबायचा. बशीत ओतून चहा पीत होत्या.

"बस. वैजयंता ना तू?"

"वैजू."

"वैजू, कोणत्या हातानं?"

मला समजलं नाही असा चेहरा मी केला. त्यांनी बशी तोंडाला लावली, चहा संपवला आणि वाट बघत राहिल्या.

"उजव्या," मी म्हणाले.

"कुठल्या तासाला जास्त?"

"इंग्रजीच्या. प्रार्थनेला पण."

"घरी?"

"झोपताना."

"ओढल्यावर कसं वाटतं?"

हा प्रश्न कुणी विचारील असं मला कधी वाटलं नव्हतं. "आधी बरं वाटतं," मी म्हणाले. "मग वाईट वाटतं."

प्रांजल बोलायची तेव्हा त्या कागदावर लिहून घ्यायच्या, असं प्रांजलनं मला सांगितलं होतं. माझ्या वेळी त्यांच्यासमोर कागदच नव्हता.

"पुढच्या गुरुवारी आईला घेऊन ये."

"आईला सांगणार?"

"सांगावं लागेल."

"मग माझी शाळा जाईल."

"असं कोण म्हणालं?"

"कुणी नाही. मला माहीत आहे."

त्यांनी रिकामी बशी बाजूला ठेवली.

त्या आठवड्यात आईनं मला तीनदा विचारलं. "काय केलंस तू? काय मोडलंस का तितं?" मी नाही म्हणाले. "मग डाक्टरीणबाईचं माझ्याकडं काय काम?" गुरुवारी तिनं लग्नाकार्याची जांभळी साडी नेसली. गाडीत ती आमच्या दोघींच्या मधे बसली आणि डबा स्वतःच्या मांडीवर घेतला. त्या दिवशी प्रांजलला उमळून आलं नाही.

दातारबाईंनी आम्हाला चौघींनाही एकदमच आत बोलवलं. रत्नप्रभावहिनी खुर्चीवर बसल्या. आई भिंतीला टेकून उभी राहिली.

"बसा, मालनबाई."

"असू दे की."

"तुम्ही उभ्या राहिलात तर मला नीट बोलता येणार नाही."

आई खुर्चीच्या कडेवर बसली. दातारबाईंनी मला जवळ घेतलं, माझी वेणी उचलली आणि कानामागची जागा तिला दाखवली.

"हे काय आहे?"

"चाई हाय ती. औषद करतोय आम्ही."

"चाई असती तर जागा गुळगुळीत झाली असती. हे बघा, इथं आखूड केस आहेत, इथं जरा लांब आहेत, इथं नुकतेच आलेत. हे केस ती स्वतः उपटते."

मी जमिनीकडे बघत होते. आता आई माझ्याकडे बघेल, असं मला वाटलं. ती दातारबाईंकडेच बघत होती.

"ठाव हाय मला," ती म्हणाली.



"अंथरुणात केस सापडत्यात. पोरगी उठायच्या आधी मी झाडून घेते. तिला वाटाय नको, आईला कळलंय म्हणून."

"मग कांद्याचा रस कशाला चोळता?"

"लोकास्नी काय सांगू, बाई? पोरगी आपलेच केस उपटती म्हणून सांगू? चाई म्हणलं की कोण पुढं इचारत न्हाई."

"मालन, मला तरी सांगायचंस," रत्नप्रभावहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज कडक नव्हता.

"तुमास्नी सांगितलं असतं तर तुमी काय म्हणला असता, वहिनी? असली पोरगी आमच्या पोरीजवळ नको म्हणला असता." मग आई म्हणाली, "मी तुमच्या जागी असते तर मी बी तेच म्हणले असते."

रत्नप्रभावहिनींनी पर्सचं बटण उघडलं आणि परत लावलं. त्या नाही म्हणाल्या नाहीत.

दातारबाई चष्मा लावून म्हणाल्या, "माझं ऐकाल तर वैजूला काही दिवस या शाळेतून मोकळी करा. तिच्या आधीच्या शाळेत जाऊ दे. तिथं ती दुसरी यायची. झोप लागेल तिला."

आई उठून उभी राहिली. माझ्या आईला मी आवाज चढवून बोलताना फार कमी वेळा ऐकलं आहे आणि त्या दिवशीही तिनं आवाज चढवला नाही.

"बाई, एक इचारते. ह्यांची पोरगी शाळंत जात न्हवती, तर तुमी तिला शाळंत पाठवायचं औषद दिलं. माझी पोरगी शाळंत जाती, तर तिला शाळंतनं काढायचं औषद देताय. असलं कसलं औषद हे?"

दातारबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुमचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे. मी एका मुलीला औषध म्हणून दुसरी मुलगी लिहून दिली. त्या दुसऱ्या मुलीची चौकशी सहा महिन्यांत एकदाही केली नाही. दर गुरुवारी ती बाहेर बाकावर बसलेली मला दिसत होती."

आई परत बसली. तिला बहुतेक भांडण अपेक्षित होतं. ते झालं नाही म्हटल्यावर तिला पुढे काय करावं ते सुचेना.

तेव्हा प्रांजल बोलली. ती खिडकीशी उभी होती. मोठ्या माणसांत ती स्वतःहून कधी बोलत नसे, म्हणून आम्ही सगळ्या वळलो.

"मला उलटी होत नाही आता," ती म्हणाली.

"आज नाही झाली, बाळ. छान झालं," रत्नप्रभावहिनी म्हणाल्या.

"आज नाही. दिवाळीपासून होत नाही. मी नुसती करते."

"नुसती करतेस म्हणजे?"

"पप्पा तुला म्हणाले होते. प्रांजल बरी झाली की मग वैजूची फी कशाला भरायची, म्हणून. मी जिन्यात होते." ती नखानं खिडकीच्या लाकडाचा रंग खरवडत होती. "केसांचं पण मीच बाईंना सांगितलं. तिच्या वहीत केस असतात. मी मोजले नाहीत, पण खूप असतात."

तिच्या आईनं तोंडावर हात ठेवला. दातारबाईंना फार आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं नाही. केसांचं त्यांना माहीतच होतं, उलटीचं त्यांनी कदाचित ताडलं असावं.

आज हे सांगितलं की लोक मला म्हणतात, केवढं मन त्या पोरीचं. असेल. तेव्हा मला तसं काही वाटलं नाही. मला राग आला. अडीच महिने मी गाडीत रिकामा डबा धरत होते. रोज वर्गातून उठत होते, तिची पाठ चोळत होते. ती आजारी आहे आणि मी गेले तर तिचं कसं होईल, शिवाय आईच्या कामाचं कसं होईल, म्हणून मी त्या शाळेत थांबले होते. आणि मी तिथं राहावं म्हणून ती आजारी होती. दहाव्या वर्षी माझ्याकडे हे शब्द नव्हते. एवढंच कळलं, की माझ्या इथं असण्याबद्दल सगळ्यांनी काही ना काही ठरवलेलं आहे, अगदी प्रांजलनंसुद्धा.

"वैजू," दातारबाई म्हणाल्या, "तुला काय पाहिजे?"

आई माझ्याकडे बघत होती. तिला कुठलं उत्तर हवं आहे ते मला माहीत होतं. रत्नप्रभावहिनींना कुठलं हवं आहे तेही थोडंफार कळत होतं. प्रांजलकडे मी बघितलं नाही.

"मला शाळेत जायचंय," मी म्हणाले. "ह्याच शाळेत. पण प्रांजलच्या शेजारी बसायचं नाही. ती उठली तर मी उठणार नाही. आणि डबा धरणार नाही."

"वैजे," आई म्हणाली.

"बोलू द्या तिला," दातारबाई म्हणाल्या. पण माझं बोलून झालं होतं.

परतताना गाडीत आई पुन्हा आमच्या मधे बसली. कृपामयीच्या चौकात दस्तगीरमामा म्हणाले, "वहिनी, डबा तिथंच राहिला वाटतं."

"राहू दे," रत्नप्रभावहिनी म्हणाल्या.

पुढचं थोडक्यात सांगते. वहिनींनी घरी काय सांगितलं मला माहीत नाही, पण सातवीपर्यंतची माझी फी आवटींनी भरली आणि ती कशाबद्दल हे परत कधी निघालं नाही. आई त्या घरात आणखी अकरा वर्षं होती. दातारबाईंनी एप्रिलपर्यंत दर गुरुवारी मला बोलवलं. आई आणि मी एस.टी.नं जायचो, ती बाहेर बाकावर बसायची. वर्गातल्या बाईंना दातारबाईंनी चिठ्ठी दिली, तेव्हापासून त्या मला प्रश्न विचारायला लागल्या. उत्तरं चुकायची, ओरडा बसायचा. ते मला बरं वाटलं, असं म्हटलं तर खोटं वाटेल, पण बरं वाटलं. जूनपर्यंत कानामागचे केस भरून आले. आठवीपासून मी मराठी माध्यमात गेले, कारण फी भरणारं कुणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही तेच सोयीचं होतं. आता मी एस.टी.त कंडक्टर आहे. अजून कधीकधी, मुलगी तापानं फणफणली किंवा रजा नामंजूर झाली की माझा हात उजव्या कानामागे जातो. मी तो खाली घेते. बहुतेक वेळा घेते.

प्रांजल बेळगावला असते. वर्षातून दोनदा फोन होतो. मुलांचं, तब्येतीचं बोलतो.

दातारबाईंकडे हे सगळं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मला खिडकीकडच्या रांगेत दुसरा बाक मिळाला. ऋजुता नावाची मुलगी शेजारी होती. तिनं तिची कंपासपेटी थोडी सरकवली आणि मला जागा दिली. प्रांजल मधल्या रांगेत एकटीच बसली होती.

दुसऱ्या तासाला बाई धडा सांगत होत्या आणि आम्ही लिहून घेत होतो. प्रांजलनं पोटावर हात ठेवला. मला ते न बघताच कळलं. सहा महिन्यांची सवय होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण पांढरा चेहरा मी दिवाळीनंतरही पाहिला होता आणि मला फरक ओळखता येत नव्हता. माझे पाय बाकाखालून बाहेर आले होते. मी ते आत घेतले आणि वहीकडे बघितलं.

ती एकटीच उठली. बाईंनी माझ्याकडे नजर टाकली आणि मग दाराकडे. प्रांजल बाहेर गेली. मी लिहीत राहिले. काय लिहिलं ते मला सांगता येणार नाही. दहाएक मिनिटांनी ती परत आली. कपाळावरचे केस ओले होते, गणवेशाची कॉलर ओली होती. जागेवर बसली आणि शेजारच्या रांगेतल्या मुलीची वही बघून राहिलेलं उतरवून घ्यायला लागली.

मधल्या सुट्टीत नळावर ती माझ्यामागे येऊन उभी राहिली.

"आजचं खरं होतं," ती म्हणाली.

"हं."

"तू उठणार होतीस. मी बघितलं."

"हो."

"मग?"

"नाही उठले."

तिनं मान हलवली, जसं काही तिला तेवढंच विचारायचं होतं. मी नळापासून बाजूला झाले आणि ती पाणी प्यायली.